उंबराच्या सालीपासून काचेच्या हाडापर्यंत

नरसोबाच्या वाडीला आलेला यात्रेकरू घाटाच्या पायऱ्या उतरून कृष्णेत बुडी मारतो, पादुकांवर डोके ठेवतो, औदुंबराखाली घटकाभर टेकतो आणि परतीच्या वाटेवर बासुंदी व कवठाची बर्फी बांधून घेऊन एस. टी. धरतो. श्रीनृसिंहसरस्वतींनी येथे बारा वर्षे वास्तव्य केले ते या झाडाच्या सावलीत, म्हणून औदुंबराचा मान मोठा. गुरुचरित्रात त्याची एक कथाही आहे. हिरण्यकशिपूचे पोट फाडल्यावर नरसिंहाच्या नखांना विषाचा दाह होऊ लागला. तेव्हा लक्ष्मीने उंबराची फळे आणली, देवाने त्यांत नखे रोवली आणि दाह शमला. म्हणजे भाविकांच्या लेखी हे झाड मुळातच व्यथा हरण करणारे आहे.

वैद्यांच्या लेखीही ते तसेच होते, आणि तेही अगदी रोकड्या कामासाठी. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाला बाहेरून आधार देण्यासाठी कोणत्या झाडांच्या साली घ्याव्यात याची यादी दिली आहे. मोह, पिंपळ, पळस, अर्जुन, वड, वेळू यांच्या पंक्तीत उंबरही बसला आहे. सालीच्या या पट्ट्यांना तेथे 'कुश' म्हटले आहे. ज्या झाडाला आपण प्रदक्षिणा घालतो त्याची साल कोणे एके काळी कोणाच्या तरी पिंढरीला बांधलेली होती, हे मनात आले की मला त्या झाडाविषयी अधिकच जवळीक वाटते.

सुश्रुताचा तो अध्याय मुळातून वाचण्याजोगा आहे. ग्रंथ दोन हजार वर्षांच्या आसपासचा. क्ष-किरण नाहीत, भूल नाही. आणि तरीही त्याने हाड मोडण्याचे बारा प्रकार व सांधा निखळण्याचे सहा प्रकार वेगळे करून ठेवले आहेत. पट्टी थंडीत सात दिवसांनी सोडून बांधावी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी. फार सैल बांधली तर सांधा स्थिर राहात नाही. फार आवळली तर सूज येते, कातडी पिकते. पायाचे हाड मोडले असेल तर माणसाला फळीवर निजवून पाच ठिकाणी खुंट्या ठोकाव्यात, म्हणजे पाय हलणार नाही. तळहात मोडला असेल तर बरा होताना आधी मातीचा गोळा धरावयास द्यावा आणि हाताला बळ आले म्हणजे दगड. हल्ली व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे पैसे मोजून आपण हेच करतो! वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून सरळ बसवावे, हेही त्याने लिहून ठेवले आहे. आणि किती दिवस लागतील? लहान वयात एक महिना, मध्यम वयात दोन, उतारवयात तीन. हा हिशेब आजच्या डॉक्टरांपुढे ठेवला तर तेही फारशी खळखळ करणार नाहीत.

आमच्या कोल्हापूर भागात ही विद्या ग्रंथांत कमी आणि तालमींत अधिक जगली. शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे कुस्ती फोफावली. १९१२ साली खासबागेचे मैदान तयार झाले. आणि जेथे कुस्ती तेथे निखळलेले खांदे आणि मुरगळलेले घोटे हे ठरलेलेच. वस्तादाच्या हातालाच हाडाची नस कळे. गावोगावी हाडवैद्य असत, अजूनही आहेत. बांबूच्या कामट्या, वर कापडाची पट्टी, पोटात घ्यावयास हाडसांधी म्हणजे कांडवेलीचा रस. त्यांच्या हाताचा गुण मी नाकारीत नाही. निखळलेला खांदा बसविताना रोग्याला गोष्टींत गुंतवून नेमक्या क्षणी झटका देणारी ती बोटे मोठी हुशार असतात. पण आवळून बांधलेल्या कामट्यांखाली रक्त थांबून लहान मुलाची बोटे काळी पडल्याच्या हकीकतीही याच भागात ऐकावयास मिळतात. 'फार आवळू नये' हे सुश्रुताने बजावले होते. परंपरेतले औषध राहिले आणि पथ्य तेवढे गळाले, असे आपल्याकडे बरेचदा होते.

साल काय, कामटी काय किंवा १८५२ च्या सुमारास मॅथिसेन नावाच्या डच लष्करी शल्यवैद्याने प्रचारात आणलेले प्लॅस्टर काय, या साऱ्यांचे काम एकच. मोडके तुकडे समोरासमोर आणून हलू द्यावयाचे नाहीत. जोडण्याचे काम हाड स्वतःच करते, आणि इतके बेमालूम करते की कातडीवर वण राहतो तसा वणही मागे ठेवीत नाही. पण समोरासमोर आणावयास दोन्ही टोके जागेवर असली पाहिजेत ना? उसाची ट्रॉली पायावरून गेली, हाडाचा चुरा झाला. किंवा हाडात पू होऊन मधला भाग काढून टाकावा लागला. किंवा गाठ आली आणि चार बोटे हाड कापावे लागले. मग कामट्या कशाला बांधणार? मध्ये पोकळी आहे. थोडी पोकळी हाड भरून काढते, मोठी पोकळी त्याला भरून काढता येत नाही. पूर्वी अशा वेळी पाय कापणे हाच उपाय असे, आणि पाय गेलेल्या शेतमजुराच्या घराचे पुढे काय होई ते शिरोळ तालुक्यात कोणाला सांगावयास नको. ही पोकळी कशाने भरावी, हा माणसाने तीनशे-साडेतीनशे वर्षे विचारलेला प्रश्न आहे.

त्याआधी हाड म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. शाळेत मुलांना दाखविता येण्याजोगा एक सोपा प्रयोग आहे. कोंबडीचे हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे. आकार तसाच राहतो, पण हाड रबरासारखे वाकते. मुले ते वाकवून पाहतात आणि हसून बेजार होतात. आम्लाने त्यातले चुन्याचे क्षार काढून नेलेले असतात. राहतो तो चिवट धाग्यांचा, कोलॅजनचा सांगाडा. याच्या उलट हाड विस्तवात घातले तर धागे जळून जातात आणि क्षार राहतात. आकार तोच, पण बोटाने दाबले की भुगा. सणासुदीच्या अंकात लिहू नये, पण सावडावयास गेलेल्या माणसाने तो भुगा हातात घेतलेला असतो. वजनाने पाहिले तर हाडात सुमारे दोन तृतीयांश क्षार, मुख्यतः हायड्रॉक्सिॲपेटाइट नावाचे कॅल्शियम व फॉस्फेट यांचे संयुग. बाकी बहुतेक कोलॅजन आणि पाणी. एकाने कठीणपणा द्यावयाचा, दुसऱ्याने चिवटपणा, आणि दोघे इतक्या सूक्ष्म पातळीवर एकमेकांत गुंफलेले की सुरीने वेगळे करता येणार नाहीत. शिवाय सगळे जिवंत! एका जातीच्या पेशी जुने हाड खात असतात आणि दुसऱ्या जातीच्या नवे बांधीत असतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा दहावा हिस्सा तरी दर वर्षी असा नवा होतो.

आता पोकळी भरणारांची कथा. १६६८ साली योब फान मेकेरेन या डच शल्यवैद्याच्या ग्रंथात एक हकीकत छापली गेली. एका रशियन सरदाराच्या डोक्यावर तलवारीचा वार बसून कवटीचा तुकडा गेला. वैद्याने कुत्र्याच्या कवटीचा तुकडा काढून तेथे बसविला. जखम भरली, पण कुत्र्याचे हाड डोक्यात बाळगणाऱ्याला चर्चने बहिष्कृत केले. पुढे काय झाले याच्या दोन हकीकती आहेत. एकीत त्याने तुकडा काढून घेतला आणि धर्मात परत आला. दुसरीत तुकडा काढावयास गेले, तर तो कवटीत असा मुरला होता की निघेना. कादंबरी लिहिणाऱ्याला अर्थात दुसरीच आवडते. ती खरी असो वा नसो, 'निघेना' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. या कथेत तो आणखी दोनदा यावयाचा आहे.

१८८० च्या सुमारास ग्लासगोमध्ये विल्यम मॅकिवेन याने एका लहान मुलाच्या दंडाचे सडलेले हाड इतर मुलांच्या हाडांचे तुकडे घालून पुन्हा उभे केले. मुडदुसाने वाकलेले पाय सरळ करताना त्या मुलांच्या पायांतून हे तुकडे कापावे लागले होते. म्हणजे एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे अमृत. बर्लिनच्या ग्लुकने १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले, पण ते पिकले. १८९२ मध्ये ड्रीसमन या जर्मन शल्यवैद्याने हाडांच्या पोकळ्या सरळ प्लॅस्टर ऑफ पॅरिसने भरल्या. आपल्याकडे फुटलेल्या भिंतीत चुना भरतात तसेच. आणि गंमत म्हणजे काही रोग्यांत ते साधले. प्लॅस्टर विरघळले आणि मागून हाड आले. पण ते फार लवकर विरघळते. गवंड्याने स्लॅब वाळण्यापूर्वीच ठोकळे काढून घ्यावेत तसा प्रकार.

शेवटी डॉक्टरांचा भरवसा बसला तो रोग्याच्या स्वतःच्याच हाडावर. कमरेच्या हाडाच्या कडेचा तुकडा काढून पोकळीत घालावयाचा. शरीराला ते परके वाटत नाही, त्यात जिवंत पेशी असतात, आणि ते रुजते. पण एका दुखण्यासाठी दुसरी जखम करावयाची. कित्येकांचा पाय बरा होतो आणि कंबर दुखत राहते. शिवाय कंबर काही अक्षय्य पात्र नाही. म्हणून दात्यांच्या हाडांच्या पेढ्या निघाल्या. मुंबईला टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली अशी ऊतिपेढी सुरू झाली. तेथे दिलेली हाडे स्वच्छ करून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. नेत्रदान आता गावात सर्वांना माहीत आहे. हाडही देता येते हे मात्र सांगितले तर अजून लोक चमकून पाहतात.

येथे आमच्या शेजारच्या मिरजेचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १८९४ साली वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी तेथे इस्पितळ उघडले, तेव्हापासून मिरज हे दक्षिण महाराष्ट्राचे दुखण्याचे गाव. सतारी बनविणारे गाव ते हेच. तारा जुळविण्याची आणि माणसे जुळविण्याची अशा दोन्ही कला एका पेठेत नांदल्या. याच गावी डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी इलिझारोव्ह पद्धत रुजविली आणि देशभरच्या डॉक्टरांना शिकविली. ही पद्धत सायबेरियातल्या कुर्गान गावची. गावरील इलिझारोव्ह या डॉक्टराने १९५० नंतरच्या काळात पायाभोवती लोखंडी कडी बसवून, त्यांतून हाडात तारा ओवून, हाड एके ठिकाणी कापून ते दिवसाला एक मिलिमीटर या बेताने सावकाश ताणावयास सुरुवात केली. आणि ताणलेल्या फटीत नवे हाड तयार होऊ लागले! उंच उडीचा रशियन विजेता ब्रुमेल १९६५ मध्ये मोटारसायकलवरून पडून पाय गमावण्याच्या बेतात होता. त्याला १९६८ साली इलिझारोव्हने उभे केले. पोकळी बाहेरून न भरता शरीराकडूनच भरून घेण्याची ही युक्ती. पण दिवसाला एक मिलिमीटर म्हणजे दहा सेंटिमीटरांना शंभर दिवस, आणि नंतर ते कोवळे हाड पक्के होईपर्यंत त्याहून अधिक. इतके महिने पायात कडी घालून, तारांच्या भोकांची रोज निगा राखून राहणे हे तप आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याला ते सोसत नाही; त्याच्या बायकोला तर मुळीच नाही, कारण तेवढे दिवस तीच घराचे चाक ओढते.

तेव्हा प्रश्न राहिलाच: बाहेरून आणलेली एखादी निर्जीव वस्तू हाड आपली म्हणून स्वीकारील का? साधारणपणे शरीर परक्या वस्तूभोवती वणाच्या धाग्यांची पिशवी विणते आणि तिला एकटी पाडते. आपल्या वाड्यांत नको असलेल्या पाहुण्याला ओसरीवरच बसवीत, तसेच. १९५२ मध्ये स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क हा संशोधक सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून आत रक्त कसे वाहते ते पाहात होता. प्रयोग संपल्यावर महाग नळी काढून घ्यावयास गेला, तर ती निघेना. हाड धातूला घट्ट चिकटले होते. आज दात बसवितात त्यांखालचे टायटॅनियमचे स्क्रू या 'निघेना'तून आले. पण धातू धातूच राहतो. तो हाड होत नाही.

तिसरी हकीकत काचेची. १९६७ साली लॅरी हेंच हा फ्लोरिडा विद्यापीठातला तरुण प्राध्यापक एका परिषदेला बसने चालला होता. शेजारी व्हिएतनामहून परतलेला लष्करी अधिकारी. हेंच आपल्या संशोधनाविषयी, प्रखर किरणोत्सर्गातही टिकणाऱ्या पदार्थांविषयी बोलत होता. अधिकाऱ्याने विचारले, किरणांत टिकणारी वस्तू करता, तर माणसाच्या शरीरात टिकेल अशी का करीत नाही? तिकडे युद्धात पोरांचे हातपाय कापले जात होते, कारण त्यांत बसवावयास जे काही होते ते शरीर नाकारीत होते. बसमधल्या गप्पा बहुधा थांब्यावर संपतात. ही संपली नाही. हेंचने विचार केला की हाडात कॅल्शियम व फॉस्फेट असते, तर त्यांचा थर आपणहून अंगावर चढविणारी काच करावी. १९६९ मध्ये ती झाली. शंभर भागांत ४५ वाळूचे, साडेचोवीस सोड्याचे, साडेचोवीस चुन्याचे आणि ६ फॉस्फरस ऑक्साइडचे. खिडकीच्या काचेत वाळू सत्तर भागांच्या आसपास असते. येथे ती मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे काच पाण्यात टिकाऊ राहू नये. टेड ग्रीनली या शल्यवैद्याने तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसविले. सहा आठवड्यांनी त्याने हेंचला फोन करून तक्रारीच्या सुरात सांगितले, की तुझे तुकडे निघत नाहीत. ढकलले, ठोकले, तरी हलत नाहीत!

काचेच्या अंगी हा गुण येतो कोठून? रक्तरसात भिजताच तिच्यातला सोडा बाहेर पडतो, पृष्ठभागावर वाळूचा बुळबुळीत थर राहतो, त्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेट बसू लागतात आणि थोड्याच काळात हाडातल्यासारखेच स्फटिक तयार होतात. हाडाच्या पेशी येतात, चाचपून पाहतात आणि आपलेच घर समजून धागे विणावयास लागतात. वणाची पिशवी विणली जात नाही. पुढे लंडनला हेंच व ज्युलिया पोलाक यांच्या गटाने २००० च्या सुमारास दाखविले की काचेतून विरघळणारे क्षार हाड बांधणाऱ्या पेशींना कामाला लावतात. म्हणजे काच नुसती जागा देत नाही, हाकाही मारते. १९८५ मध्ये ती माणसात प्रथम वापरात आली ती कानाच्या आतल्या इवल्याशा हाडांच्या जागी. १९९३ पासून हिरड्यांखालच्या झिजलेल्या हाडात तिची पूड भरू लागले. दात शिवशिवतात म्हणून मिळणाऱ्या काही टूथपेस्टमध्येही ती असते.

इतके असून मांडीच्या हाडात ती का घालत नाहीत? कारण उघड आहे. काच ती काच. भार पडला की तडकणार. मग हाडानेच शिकविलेला धडा गिरविणे भाग होते: कठीण आणि चिवट यांची गाठ घालणे. प्रथम काचेची पूड प्लॅस्टिकमध्ये मिसळून पाहिली. हा आपला दिवाळीचा चिवडा. पोहे वेगळे, दाणे वेगळे, डाळे वेगळे. नीट पाहिले तर एकेक वेचून काढता येते. शरीरात गेल्यावर तसेच होते. प्लॅस्टिक एका वेगाने विरते, काच दुसऱ्या. शिवाय प्लॅस्टिकने काचेचा कण झाकून टाकलेला, त्यामुळे पेशीला ती दिसतच नाही. हवी होती ती वाडीची बासुंदी, जिच्यात दूध कोठे संपते आणि साखर कोठे सुरू होते ते कोणालाच सांगता येत नाही. अशा पदार्थाला संकर-पदार्थ म्हणावे. यात काच भट्टीत वितळवीत नाहीत. वाळूच्या मूलद्रव्याचे द्रवरूप संयुग घेऊन साध्या उष्णतेत त्याची खळ करतात आणि ती गोठण्यापूर्वीच तिच्यात जिलेटिन, कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान किंवा एखादे कृत्रिम बहुवारिक घालतात. दोघांचे हात एकमेकांत अडकविणारा तिसरा रेणूही लागतो; सोयरीक जुळविणारा मध्यस्थ म्हणा. मग सगळे मिळून एकाच वेगाने विरते आणि विरता विरता मागून हाड येते. २०१८ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील ज्युलियन जोन्स यांच्या गटाने व त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी असा एक पदार्थ जाहीर केला, जो काचेच्या घराण्यातला असूनही चेंडूसारखा उसळतो आणि ज्याच्या जाळ्या यंत्राने थरावर थर देऊन छापता येतात. आपल्याकडे त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत आणि कोलकत्याच्या काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत हाडासाठी अशाच क्षारांवर आणि काचांवर पुष्कळ वर्षे काम झाले आहे.

यात सर्वांत जास्त कोणी छळले असेल तर चुन्याने. वाडीच्या बाजारात पानाला लावून फुकट मिळणारा चुना! त्यातले कॅल्शियम हाडाला अत्यावश्यक. पण नेहमीच्या क्षाराच्या रूपाने ते खळीत घातले तर काचेच्या जाळ्यात नीट शिरण्यासाठी चारशे अंशांच्या वर ताप द्यावा लागतो, आणि त्या तापाने जिलेटिन किंवा बहुवारिक जळून जाते. ताप द्यावा तर चिवटपणा जातो, न द्यावा तर चुना बाहेरच राहतो. यावर कॅल्शियमची निराळी संयुगे शोधली गेली. ती थंडपणी जाळ्यात शिरतात, पण पाण्याच्या वाऱ्याने बिघडतात, म्हणून अति काळजीने हाताळावी लागतात. वेगाचा प्रश्नही तसाच. तरण्याच्या हाडात पदार्थाने लवकर विरावे आणि म्हाताऱ्याच्या हाडात सावकाश. सुश्रुताचे एक, दोन आणि तीन महिने येथे पुन्हा मोजावे लागतात.

भार सोसणाऱ्या लांब हाडाच्या मोठ्या पोकळीसाठी असा संकर-पदार्थ अजून डॉक्टरांच्या नेहमीच्या कपाटात आलेला नाही. मिरजेला किंवा कोल्हापूरला शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणूस घेतला की आजही पहिली मागणी असते ती त्याच्याच कमरेच्या हाडाची.